खानापूर तालुक्यातली मुलगी, डावा डोळा आणि ३४ पाउंडांचं धनुष्य

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात खेळ म्हटलं की कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि अर्थातच क्रिकेट. गावोगावी तालमी आहेत, बेळगावात आनंदवाडीचा आखाडा आहे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात लहान वयात मुलं घेऊन मल्ल घडवणारी बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे. पोराला कुस्तीत घालायचं तर कुणाकडे न्यायचं, खायला काय घालायचं, कुठल्या जत्रेत जोड लावायची, हे घरातल्या आज्ज्याला ठाऊक असतं. तिरंदाजीचं तसं काहीच घरात नसतं. त्यामुळे मूल 'आर्चरी खेळतो' म्हणालं की घर थेट धनुष्याच्या किमतीवर जातं. माझ्या पाहण्यात बहुतेक घरं इथंच अडतात. काही परवडत नाही म्हणून, आणि काही परवडवून घेतात म्हणून.

खालचं प्रकरण दुसऱ्या प्रकारातलं होता होता वाचलं. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात पीटी शिकवतो. राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स केला आहे, त्याच्या जोरावर शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलांना तिरंदाजी शिकवतो. मुलीचं आणि गावाचं नाव देत नाही. बाकी घडलं तसं लिहितो.

सुरुवात कुठून झाली

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीनं कंपाउंड प्रकारात, म्हणजे टोकांना चाकं लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात, सुवर्ण जिंकलं. वय सतरा. अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराविरुद्ध १४९-१४७. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत पंधराच्या पंधरा बाण दहात मारले, १५० पैकी १५०. या दोन व्हिडिओंनी आमच्या भागात जे केलं ते कुठल्याही सरकारी योजनेनं केलेलं मी पाहिलेलं नाही. सातारा म्हणजे आपल्याच हायवेवरचं गाव. बेळगावहून राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूर, कराड, सातारा. 'ती जमवती, तर आम्ही का नाही' असं म्हणायला जागा झाली.

ही मुलगी तेव्हा आठवीत. वडील उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला, आई घरची भातशेती बघते आणि स्त्री शक्ती संघात, म्हणजे बचत गटात, आहे. आज्जा जुना पैलवान. मुलगी खो-खो बरी खेळायची. एक दिवस मैदानाच्या कडेला येऊन म्हणाली, "सर, मी उद्यापासून येतो. चालंल न्हवं?"

आमच्याकडे साहित्य बेताचं. बांबूची धनुष्यं, लाकडी बाण, आणि भाताचं पिंजर घट्ट दाबून सुतळीनं आवळलेले गठ्ठे. मागे मातीचा उंच बांध, आणि सरावाच्या वेळी मैदानाच्या त्या टोकाला कुणी जायचं नाही हा पहिला नियम. शिट्ट्या स्पर्धेतल्याच ठेवल्यात: दोन वाजल्या की रेषेवर यायचं, एक वाजली की मारायला सुरुवात, तीन वाजल्या की बाण काढायला जायचं. पाच किंवा त्याहून जास्त वाजल्या तर असाल तिथे थांबायचं, चढवलेला बाणसुद्धा उतरवायचा. मूल कितीही हुशार असो, शिट्ट्या अंगवळणी पडल्याशिवाय धनुष्य हातात देत नाही. रिकामी दोरी ओढून सोडायची नाही, हेही त्याच दिवशी सांगतो. बाण नसला की दोरीचा सगळा जोर धनुष्याच्याच अंगावर येतो आणि ते तडकतं.

बाण डावीकडेच का जातात

पहिले काही आठवडे मी कुणालाही टार्गेटचा कागद लावू देत नाही. चार-पाच पावलांवर नुसता गठ्ठा. पाय कसे ठेवायचे, खांदा खाली कसा राहायचा, दोरीचा हात हनुवटीखाली रोज त्याच जागी कसा टेकायचा, एवढंच. काही वेळा डोळे मिटूनसुद्धा. मुलं कंटाळतात, पण नेम ही नंतरची गोष्ट आहे. हात दर वेळी त्याच जागी येत नसेल तर नेम धरून काही होत नाही.

तिचा हात लवकर बसला. मग दहा मीटरवर नेलं, कागद लावला, आणि भानगड सुरू झाली. बाण डावीकडे. कधी कागदाच्या डाव्या कडेला, कधी गठ्ठा सोडून मागच्या बांधात. सांगितल्यावर मुद्दाम उजवीकडे धरायची, दोन बाण बरे जायचे, तिसरा परत डावीकडे. मैदानावरची मोठी मुलं सल्ले द्यायला लागली: मनगट वळवतीस, दोरी ओढून सोडतीस, भितीस.

मी तिला थांबवून दोन्ही हात समोर ताणायला लावले, तळव्यांमध्ये छोटी त्रिकोणी फट करायला सांगितली, आणि त्या फटीतून शाळेची घंटा बघत हात हळूहळू तोंडाकडे आणायला लावले. हात आले ते सरळ डाव्या डोळ्यावर. परत केलं, परत डाव्यावरच. तिचा डावा डोळा प्रबळ होता. लिहायची उजव्या हातानं, जेवायची उजव्या हातानं, दगड मारायची उजव्या हातानं. धनुष्यही साहजिकच डाव्या हातात धरून उजव्यानं दोरी ओढत होती. बाण उजव्या डोळ्याखाली आणि बघणारा डोळा डावा. त्या डोळ्याला बाणाचं टोक टार्गेटवर दिसायचं तेव्हा बाण प्रत्यक्षात डावीकडे तोंड करून असायचा. तिची चूक काहीच नव्हती.

अशा वेळी दोन वाटा असतात. डावा डोळा झाकून उजव्यानं मारत राहायचं, किंवा हातच बदलायचा. मोठ्या माणसाच्या बाबतीत मी पहिली सुचवली असती. तेराव्या वर्षी, जेमतेम सुरुवात झालेली असताना, हात बदलणंच बरं. बांबूच्या साध्या धनुष्याला डावं-उजवं फारसं नसतं, त्यामुळे खर्च शून्य. ती चिडली, रडकुंडीला आली, कारण जे जमायला लागलं होतं ते सगळं परत पहिल्यापासून करायचं होतं. डाव्या हातानं दोरी ओढताना कोपर खाली पडायचं. घरी थेराबँड, म्हणजे व्यायामाची रबरी पट्टी, दाराच्या कडीला बांधून ओढायची. आज्जा शेजारी बसून "कोपर वर, कोपर वर" करायचा. धनुष्याचं त्याला काही कळत नव्हतं, पण पाठीच्या स्नायूवर ताण कसा धरायचा हे पैलवानाला शिकवावं लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाण एका जागी पडायला लागले. यलोत, म्हणजे टार्गेटच्या मधल्या पिवळ्या भागात, नव्हते, थोडे खाली पडत होते, पण एकमेकांना चिकटून. आम्हाला तेच हवं असतं. ग्रुप जमला की त्याला यलोत सरकवणं हे नंतरचं, तुलनेनं सोपं काम.

खाटेवरचं धनुष्य

या प्रकरणातला निर्णायक भाग इथे आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

वडिलांना मुलगी मन लावून खेळते हे दिसत होतं. कोल्हापुरात खेळ सोडलेल्या एका मुलाचं रीकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, धनुष्य विकायला होतं. धातूचं रायझर (मधला मुठीचा भाग), लिंब (त्याला वर-खाली जोडायच्या लवचिक पट्ट्या), साईट (नेम धरायचं साधन), स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा), पेटीसकट पस्तीस हजार. नवं घ्यायला गेलं तर स्पर्धेचं पूर्ण किट लाखाच्या वरच जातं. होयट अमेरिकेचं, विन अँड विन कोरियाचं, चांगला माल सगळा बाहेरून येतो. त्या हिशोबात पस्तीस हजार म्हणजे वडिलांना लॉटरीच वाटली. थोडे पतसंस्थेतून, थोडे आईच्या संघातून, अशी जुळणी ठरली होती. मालकानं दोन दिवसांसाठी धनुष्य बघायला दिलं होतं. वडिलांनी मला घरी बोलावलं.

सोप्यात खाटेवर चादर टाकून धनुष्य जोडून ठेवलेलं. सुंदर होतं, नीट वापरलेलं, लिंबांवर ओरखडा नाही. आज्जा, शेजारचे दोघे-तिघे, चुलत भावंडं, सगळे उभे. मुलगी त्याच्याकडे बघत होती, हात लावत नव्हती.

उचलून पहिली गोष्ट दिसली ती बाण टेकवायची जागा. रायझर उजव्या हाताच्या तिरंदाजासाठी होतं. साईट, क्लिकर (दोरी पुरी ओढली की टिक् वाजणारी पट्टी), बाणाचा आधार, सगळं त्या बाजूचं. ही आता डावी. धातूचं रायझर उलटं करून चालत नाही.

मग माप घेतलं. हात दोन्ही बाजूंना ताणून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत १५७ सेंटिमीटर. त्याला अडीचनं भागलं की साधारण दोरी किती ओढली जाणार ते कळतं: ६३ सेंटिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे पावणेपंचवीस इंच. एवढ्या ओढीला ६६ इंची धनुष्य बसतं. हे ६८ इंची होतं.

आणि वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. लिंबांवर ३४ पाउंड लिहिलेलं. ते २८ इंच ओढल्यावरचं असतं. इंचाला साधारण दोन पाउंड कमी धरले तर तिच्या ओढीला सत्तावीस-अठ्ठावीस पाउंड येतात. तिच्या वयाच्या, नुकत्याच सुरुवात केलेल्या मुलीला मी सोळा ते वीसच्या वर जाऊ देत नाही. वडील म्हणाले, "वाढत्या अंगाची हाय वो सर. पाच वर्षं चालंल की." मी तिला बाण न लावता फक्त ओढून धरायला सांगितलं, सोडायचं नाही, हळूच परत आणायचं. दोरी हनुवटीपर्यंत आली, खांदा कानाला लागला, पुढचा हात थरथरायला लागला. तिसऱ्या सेकंदाला तिनं ती परत सोडत आणली.

मुलगा असता तर 'ताकद वाढंल' म्हणून तसंच चालवलं गेलं असतं, हे मी इतर घरांत पाहिलं आहे. जड धनुष्यावर शिकलेलं मूल ताकदीनं दोरी ओढायला शिकतं, सोडायची घाई करतं, आणि ती घाई पुढे वर्षानुवर्षं निघत नाही. काहींचा खांदा जातो. धनुष्यं महाग आहेत म्हणून जेवढी मुलं हा खेळ सोडतात, तेवढीच चुकीचं धनुष्य आधी घेतल्यामुळे सोडतात असं माझं ठाम मत आहे.

शेजारच्यांना वाटलं सर सौदा मोडायला आलेत. वडील बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी आई आतून म्हणाली, "हात बदललाय म्हणताहेत न्हवं? मग उजव्या हाताचं घिऊन काय दिवाणखान्यात लावायचं?" धनुष्य परत गेलं.

त्या वर्षात घरानं जे घेतलं ते असं: डाव्या हाताचा टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचं कातडं), आर्मगार्ड (धनुष्याच्या हाताला दोरी लागू नये म्हणून), आणखी एक थेराबँड. बस्स.

पाऊस

सातारा-पुण्याकडच्या लोकांना सांगूनही खरं वाटत नाही, पण खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे चिखल. पिंजराचे गठ्ठे भिजून कुजतात, बाण आरपार जायला लागतात. शिवाय जुलैत रोप लावणी; घरची मुलगी शेतात. मग शाळेच्या व्हरांड्यात कोरडा गठ्ठा भिंतीला लावून पाच मीटरवर सराव, वर्ग सुटल्यावर, दोन्हीकडची दारं लावून. इनडोअर स्पर्धेला १८ मीटर लागतात. तेवढी छपराखालची जागा गावात मंगल कार्यालयातच. लग्नसराई संपलेली असल्यानं रविवारी सकाळी ते मिळायचं, झाडून परत द्यायच्या अटीवर. तिची घडण खरी तिथे झाली. अंतर नाही, वारा नाही, दाखवायला काही नाही. फक्त तेच ते परत करायचं.

खेळायचं कुठल्या राज्याकडून

नववीत गेल्यावर दुसरा प्रश्न आला, आणि तो फक्त आपल्या सीमाभागातला आहे. मामा गडहिंग्लजला असतात. त्यांचं म्हणणं, पोरीला माझ्याकडे ठेवा, तिथल्या शाळेत घाला, महाराष्ट्राकडून खेळू दे. त्यांच्या बोलण्यात वजन होतं. तिरंदाजीत महाराष्ट्र आज देशात पुढे आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आईबापांचा प्रवीण जाधव महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आला, सैन्यात गेला आणि टोकियो ऑलिंपिक खेळला. 'शिवाय आपण महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतले, महाराष्ट्रात नोकरीला अर्ज करता येतो,' हेही मामांनी मांडलं.

मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ८६५ गावांची सवलत नोकरीच्या अर्जाची आहे. खेळाडू कुठल्या राज्याचा हे ती ठरवत नाही. शालेय स्पर्धेत शाळा ज्या राज्यात, ते राज्य. संघटनेच्या स्पर्धेत ज्या राज्यात नोंदणी, ते राज्य, आणि बदलायचं तर आधीच्या संघटनेच्या ना-हरकत पत्रामागे फिरायचं. म्हणजे 'इथून एक वर्ष, तिथून एक वर्ष' असं चालत नाही. आणि महाराष्ट्रात चांगल्या मुलांची दाटी एवढी आहे की राज्य संघात शिरणं हीच मोठी स्पर्धा. कर्नाटकात संघापर्यंतची वाट तुलनेनं मोकळी आहे. राष्ट्रीय मैदान लवकर बघायला मिळतं. वाढत्या वयात मोठं मैदान बघणं मला जास्त मोलाचं वाटतं.

पण निर्णय या तर्कावर झाला नाही. आईनं विचारलं, नववी अर्ध्यात बोर्ड बदलून दहावीला ती काय करणार? इथे एसएसएलसी मराठी माध्यमातून होते, शिक्षक ओळखीचे आहेत. आणि जाण्यायेण्याचं काय? ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या आत साध्या सरकारी बसला बायका-मुलींना तिकीट नाही. खानापूरहून बेळगावला रविवारच्या सरावाला मुलगी फुकट जाते-येते. नाक्यापलीकडे प्रत्येक खेपेला पैसे. गरीब घराच्या खेळात हा हिशोब धनुष्याच्या किमतीएवढाच मोठा असतो. दहावीपर्यंत इथेच, कर्नाटकाकडून. मे महिन्याच्या सुट्टीत मामांकडे राहून तिकडच्या शिबिराला. असं ठरलं.

याची अडचणही सांगायला हवी. परिपत्रकं, प्रवेशिका कन्नडमध्ये येतात, आणि शेवटची तारीख उलटून गेल्यावर मराठी शाळेच्या टेबलावर पोचतात. एका वर्षी मुलांची नावं तेवढ्यावरून राहिली होती. आता बेळगावच्या एका कन्नड शाळेतले पीटी शिक्षक परिपत्रक आलं की त्याच दिवशी मला फोन करतात. रविवारच्या सरावाला त्यांची मुलं आणि आमची एकाच रेषेवर असतात. तिची जोडीदार कन्नड माध्यमातली. बाण काढायच्या आधी गुण मोठ्यापासून लहानाकडे मोठ्यानं वाचायचे असतात. दोघी एकमेकींचे वाचतात, ही "दहा, नऊ, नऊ", ती "हत्तु, ओंबत्तु, एंटु". तक्ता एकच.

मैदानात

शालेय स्पर्धेत ती भारतीय प्रकारात, म्हणजे बांबूच्या धनुष्यावर उतरली. हा प्रकार फक्त देशात खेळला जातो, पुढे ऑलिंपिकला जात नाही, म्हणून काहीजण त्याला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. दीपिका कुमारीची सुरुवातही बांबूच्या धनुष्यावरच झाली. जिल्ह्यात प्रवेशिका मोजक्या, त्यामुळे पुढची फेरी सहज मिळाली. विभागात ती मधल्या फळीत राहिली. पहिल्या फेऱ्यांत घड्याळ बघून घाई केली, गुण गेले, नंतर सावरली. घरी निकालावर फार बोलणं झालं नाही. खंडेनवमीला आज्ज्यानं विळा-कोयत्यांच्या शेजारी शाळेचं ते बांबूचं धनुष्य पूजेला मांडलं, मला निरोप पाठवून विचारून.

त्यानंतर धनुष्य घेतलं. लाकडी रायझरचं, सुटं होणारं, डाव्या हाताचं, ६६ इंची, २० पाउंडांचं. डाव्या हाताचं दुकानात तयार नसतं, मागवावं लागतं, त्यामुळे काही आठवडे थांबणं आलं. पंधरा हजारांच्या आत काम झालं, पतसंस्थेकडे जावं लागलं नाही. जोर वाढला की फक्त लिंब बदलायचे, रायझर तेच.

आज कुठे आहे

ती आता दहावीत आहे. लिंब २४ पाउंडांचे झाले आहेत. ३० मीटरवर ग्रुप चांगला पडतो. रीकर्व्हमध्ये अठरा वर्षांखालच्यांना ६० मीटर मारावं लागतं आणि मोठ्यांना ७०. १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. साठला पोचायला अजून जोर हवा आहे. मामा मधून मधून कंपाउंडचा विषय काढतात, कारण २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड पहिल्यांदा येतंय. येतंय ते फक्त मिश्र सांघिक प्रकारात, हेही त्यांना सांगितलं आहे. कंपाउंडमध्ये शिरायचं तर पुन्हा लाखाच्या घरातली खरेदी, आणि तीही डाव्या हाताची.

वडिलांनी गेल्या महिन्यात परत विचारलं, "सर, आता मोठं किट बघू?" मी तीन अटी घातल्या आहेत. सध्याच्या धनुष्यावर ४० मीटरला सलग काही रविवार ग्रुप टिकला पाहिजे. दोरी न थरथरता धरून ठेवता आली पाहिजे, शेवटच्या बाणालासुद्धा. आणि परीक्षेनंतर ती क्रीडा वसतिगृहाच्या निवडीला उतरणार की मामांकडे कॉलेजला जाणार, हे घरानं ठरवलं पाहिजे, कारण राज्याचा प्रश्न तिथे परत उघडेल आणि त्या उत्तरावर कुठलं किट, कुणाच्या देखरेखीखाली, हे अवलंबून आहे. पहिल्या दोन अटी तिच्या हातात आहेत. तिसरीवर मामा एप्रिलमध्ये घरी येणार आहेत, तेव्हा बसायचं ठरलंय.